बोटे वळेनाशी झाली तेव्हा : भंडारा जिल्ह्यातील हातांच्या आजारांचा एक शोध

ब्रिटिश काळातील जनगणनेत माणसांच्या शारीरिक व मानसिक व्यंगांसाठी चार रकाने असत : वेडा, मुका-बहिरा, आंधळा आणि महारोगी. १८८१ पासून १९३१ पर्यंत ही पद्धत चालू राहिली. महारोग्यांचा रकाना भरताना अंग झडवणारा रोगच तेवढा धरावा, पांढरे कोड धरू नये, अशी सूचना प्रगणकांना दिलेली असे. म्हणजे प्रगणक दारात उभा राहून बघणार काय, तर चेहरा आणि हात. बोटे वाकलेली किंवा झडलेली दिसली की माणूस चौथ्या रकान्यात जाई. नाही दिसली, तर तो धडधाकट.

मध्य प्रांतातील जुने तक्ते, गॅझेटियर आणि दुष्काळाचे अहवाल मी गेली कित्येक वर्षे वाचतो आहे. मी डॉक्टर नाही आणि विद्यापीठाचा संशोधकही नाही. जे शिकलो ते ग्रंथालयातल्या धुळीत आणि गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून. वाचताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला. भंडारा जिल्ह्यात हात निकामी होण्याची कारणे एक नव्हे, अनेक होती. मग ज्यांचे हात दुसऱ्या कारणाने गेले, ते कागदावर कुठे आहेत? ज्याची बोटे लाकडासारखी ताठ झाली, ज्याचा हात मनगटातून लोंबू लागला, ज्याच्या हाताला कंप सुटला, त्याची नोंद कोणी केली?

चार रकान्यांत ती नाही. गावाने मात्र केली, पण आपल्या पद्धतीने. "वारं गेलं", "लकवा मारला", "बाहेरचं झालं", "रक्तपिती लागली". या चार शब्दांत आपल्याकडचे हाताचे बहुतेक आजार बसवले गेले. यातल्या प्रत्येक शब्दामागे खरी कारणे कोणती होती आणि ती कशी सापडत गेली, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

हातावर पोट असलेला जिल्हा

'हातावर पोट' हा शब्दप्रयोग भंडाऱ्याला जितका शब्दशः लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याला लागत असेल. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. त्याआधीचा अखंड भंडारा जिल्हा डोळ्यांपुढे आणावा. धानाची शेती, म्हणजे रोवणीत चिखलातून एकेक रोप चिमटीने लावायचे. तेंदूपत्त्याची जंगले आणि त्यावर उभा राहिलेला बिडीचा धंदा, म्हणजे पान कैचीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, टोक दुमडायचे आणि दोऱ्याने बांधायचे. दिवसाकाठी शेकडो वेळा तीच हालचाल. भंडारा शहरातील पितळी भांड्यांचे काम, मोहाडी भागातील कोशाचे विणकाम, आणि तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी.

या सगळ्या कामांत अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट हेच भांडवल. बिडी वळणाऱ्या बाईच्या हातून पान निसटू लागले, तर आधी तिची मजुरी जाते, मग तिचे घरातले स्थान. सट्टेदाराने छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या वाढू लागणे हे एखाद्या मोठ्या दुखण्याचे पहिले लक्षण असू शकते. ते ओळखणारा माणूस मात्र तिथे कोणी नसतो.

१७०० साली इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्याने एका प्रश्नाची भर घातली : तुम्ही काम काय करता? १७१३ च्या सुधारित आवृत्तीत त्याने कारकुनांच्या हाताचे दुखणेही नोंदवले. दिवसभर लिहून लिहून त्यांचा हात बधिर आणि अशक्त होतो, असे त्याचे निरीक्षण होते. पुढे यालाच लेखकाचा आखडा म्हणू लागले. एरवी हात ठीक चालतो, पण लेखणी धरली की बोटे आपोआप पिळवटतात. वर्षानुवर्षे एकच बारीक हालचाल केल्याने मेंदूतील त्या हालचालीचा हिशेबच बिघडतो, असे आज मानले जाते. वादक, शिंपी, सोनार अशा बारीक हस्तकाम करणाऱ्यांमध्येही तो दिसतो.

रामाझ्झिनीचा तो साधा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारला गेला असता तर काय काय सापडले असते, ते आता क्रमाने पाहू.

रक्तपिती : नस आधी, बोटे नंतर

पहिला मान अर्थातच महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा. पूर्व विदर्भ, त्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली, हा महाराष्ट्रातील या रोगाचा जुना पट्टा. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या वर्णनात त्वचा बधिर होण्याचा उल्लेख येतो. म्हणजे बधिरता हे लक्षण फार पूर्वी ओळखले गेले होते. पण समाजाच्या लक्षात राहिले ते झडलेले बोट.

१८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. पूर्वजन्मीचे पाप आणि वंशाचा डाग या दोन्ही समजुतींना तेव्हाच पूर्णविराम मिळायला हवा होता. मिळाला नाही. उलट १८९८ मध्ये हिंदुस्थान सरकारने कुष्ठरोग्यांसाठी वेगळा कायदा केला. निराधार रोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची आणि त्यांना ठरावीक धंदे करण्यास मनाई करण्याची त्यात तरतूद होती. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून काढले गेले ते तर २०१९ मध्ये.

जंतू हाताचे काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याला शरीराचा थंड भाग मानवतो. कोपराच्या मागच्या बाजूला, हाड लागले की मुंग्या येतात त्या जागी, एक नस अगदी कातडीखालून जाते. तिथे तापमान कमी असते. जंतू तिथे ठाण मांडतो, नस सुजते आणि करंगळी व अनामिका यांना चालवणारे तळहातातले छोटे स्नायू निकामी होतात. बोटे मुळाशी ताठ आणि पुढे वाकलेली, अशी हाताची नखी होते. मनगटाजवळची दुसरी नस गेली की अंगठा समोर येत नाही, चिमूट संपते. म्हणजे बोट खराब झालेले नसते. त्याला हुकूम देणारी तार तुटलेली असते.

हा फरक सिद्ध करून दाखवला डॉ. पॉल ब्रँड यांनी. तमिळनाडूतील वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९४७-४८ च्या सुमारास त्यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर काम सुरू केले. कुष्ठरोग्याचे मांस सडते, जखम भरत नाही, म्हणून शस्त्रक्रिया व्यर्थ, असे तेव्हा डॉक्टरही समजत. ब्रँड यांना दिसले ते वेगळेच. बोटे रोगाने गळून पडत नव्हती. वेदना कळत नसल्यामुळे चुलीवरचे गरम भांडे, विळ्याचा काप, रात्री उंदराने कुरतडणे अशा रोजच्या इजांनी ती झिजत होती. आणि कोपरापासून खालचे मोठे स्नायू बरेचदा शाबूत होते. त्यांतला एखादा कंडरा वळवून बोटाला जोडला की वाकडी बोटे पुन्हा कामाला लागत.

आपल्या विदर्भात याच काळात सेवेची मोठी परंपरा उभी राहिली. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतः केली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन, आणि १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान. भंडाऱ्याचे रोगी या वाटांनी बाहेर गेले. त्यातले किती जण गावी परतले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. देशात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत तो दिला गेला त्यांत वर्धा होता. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की जंतू मरतो. डिसेंबर २००५ मध्ये दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, या निकषावर देशपातळीवर कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. हा सरासरीचा आकडा होता. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत रुग्ण त्यानंतरही सापडत राहिले.

इथे 'अचानक' या शब्दाचा संबंध येतो. कुष्ठरोग वर्षानुवर्षे हळू चालतो, पण हात मात्र काही दिवसांत जाऊ शकतो. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूविरुद्ध एकदम खवळते तेव्हा नस सुजून ठणकू लागते आणि बोटे झपाट्याने दुबळी होतात. डॉक्टर याला रिअॅक्शन म्हणतात. ती उपचार चालू असताना येते आणि गोळ्या संपल्यावरही येऊ शकते. "औषध घेतलं म्हणून हात गेला" ही गावातली समजूत यातूनच जन्मली असावी. कधी कधी तर ठणकाही नसतो. नस मुकाट्याने निकामी होत जाते. अशा वेळी सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचा उपचार सुरू झाला तर हात बरेचदा वाचतो. त्यानंतर संधी झपाट्याने कमी होते. घरातल्यांनी लपवलेले सहा महिने आणि हाताचे आयुष्य यांचा असा थेट हिशेब आहे.

लाखोळीने पाय नेले, हात सोडले

आता दुसऱ्या आजाराकडे वळतो. तो हातांचा नाही, पण कारण कसे शोधावे हे त्याने या प्रदेशाला शिकवले.

धान कापणीला येण्याआधीच बांधीच्या ओल्या जमिनीत लाखोळी फेकायची, ही उतेऱ्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पाणी नको, मशागत नको. दुष्काळातही हमखास येणारे हे पीक. पण तीच लाखोळी दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली की काहींचे पाय आखडतात. कर्नल स्लीमन यांनी सागर भागात १८२९ नंतरच्या नापिकीच्या वर्षांत हे पाहिले. गहू बुडाला, लोक लाखेवर जगले आणि तरुण माणसे एकाएकी कमरेखाली लुळी पडली, असे त्यांनी १८४४ च्या आपल्या पुस्तकात नोंदवले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात हेच पुन्हा घडले. त्यावर ब्युकॅनन यांनी स्वतंत्र सरकारी अहवाल लिहिला.

या आजाराची दोन वैशिष्ट्ये आहेत. एक, तो अचानक प्रकट होतो. रात्री चांगला झोपलेला माणूस सकाळी उठून काठी शोधतो. दोन, तो पायांवर पडतो. हात बहुतेक शाबूत राहतात. म्हणून कात्रीसारखे पाय टाकत चालणारा माणूसही बसल्या जागी बिडी वळू शके, दोर वळू शके. ज्याचे हात आणि पाय दोन्ही गेले, त्याचे कारण बहुधा लाखोळी नव्हे. जुन्या वर्णनांची छाननी करताना हा भेद मला फार उपयोगी पडला.

लाखोळीतील विषारी घटक १९६४ च्या सुमारास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी वेगळा काढला. त्याआधी, १९६१ मध्ये, तिच्या विक्रीवर बंदी घालण्याचे पाऊल उचलले गेले होते. महाराष्ट्राने ती बंदी २००८ मध्ये उठवली. थोड्या प्रमाणात, इतर धान्यांसोबत खाल्ली तर धोका नाही, असे शेतकऱ्यांच्या बाजूचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य आहे. कारण आजार डाळीपेक्षा दारिद्र्याचा होता. ताटात दुसरे काही नसेल तेव्हाच ती डाळ विष होई. 'वारं गेलं' म्हणून सोडून दिलेल्या दुखण्याचे कारण ताटात सापडले, कारण कोणीतरी विचारले की तुम्ही खाता काय.

काळ्या दगडाची धूळ

तिसरे कारण जमिनीखालचे आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते.

नागपूर, भंडारा आणि बालाघाट यांच्यामधून मँगनीजचा प्रसिद्ध पट्टा जातो. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली. तिचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली, आणि १९६२ मध्ये सरकारी सहभागाने आजची मॉइल. लुईस फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात या पट्ट्याला मोठे स्थान आहे. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी आजही चालू आहेत. डोंगरी बुजुर्गचे खनिज मँगनीज डायऑक्साइडच्या प्रतीचे. ते टॉर्चच्या कोरड्या बॅटरीत वापरले जाते. तुमसर रोड ते तिरोडी हा रेल्वेचा फाटा याच काळ्या दगडाच्या वाहतुकीशी जोडलेला आहे.

या दगडाचा आणि हाताचा संबंध पहिल्यांदा १८३७ मध्ये ग्लासगोत लक्षात आला. तिथे कापड शुभ्र करण्याची पावडर बनवण्यासाठी मँगनीज डायऑक्साइड दळत. दळणाऱ्या कामगारांपैकी काहींचे हातपाय दुबळे झाले, चालताना ते पुढे झुकू लागले, आवाज पुटपुटल्यासारखा झाला. जॉन कूपर या डॉक्टरने हे लिहून ठेवले. पाऱ्याच्या विषबाधेत हात थरथरतात तसे इथे थरथरत नाहीत, असेही त्याने बारकाईने नोंदवले. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९५५ मध्ये, रोदिए यांनी मोरोक्कोच्या खाणकामगारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दगडात छिद्रे पाडणाऱ्या कामगारांना सर्वाधिक त्रास होता, कारण सर्वाधिक धूळ त्यांच्याच नाकात जाई.

या विषबाधेची सुरुवात फसवी असते. माणूस चिडचिडा होतो, झोप उडते, कारण नसताना हसतो किंवा रडतो. चिलीच्या खाणींत याला मँगनीजचे वेडच म्हणत. मग चेहरा मुखवट्यासारखा होतो, अक्षर बारीक होत जाते, शर्टाची बटणे लावता येत नाहीत, बोटे व मनगट विचित्र पिळले जातात आणि माणूस चवड्यांवर कोंबड्यासारखा चालू लागतो. कंपवातासारखे दिसणारे हे दुखणे मेंदूतील थोड्या वेगळ्या जागी बसते. धुळीतून बाहेर आल्यावरही ते वाढत राहू शकते. आता ही लक्षणे आपल्या गावच्या चार शब्दांत बसवून पाहा. आधी 'बाहेरचं झालं', आणि हात गेल्यावर 'लकवा मारला'. खाणीचे नाव कुठेच येत नाही.

याच चिलीच्या कामगारांचा अभ्यास अमेरिकेतील डॉ. जॉर्ज कोट्झियास करीत होते. मँगनीजचा माग काढता काढता ते कंपवाताकडे वळले आणि १९६७ मध्ये डोपा मोठ्या मात्रेत दिल्यास कंपवाताच्या रोग्याचे जखडलेले हातपाय सुटतात, हे त्यांनी दाखवले. डोपा हा पदार्थ आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांत असतो, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच सिद्ध केले होते. कंपवाताचे आजचे मुख्य औषध असे एका बाजूने खाणीच्या धुळीशी आणि दुसऱ्या बाजूने आपल्या कुंपणावरच्या वेलीशी जोडलेले आहे. दुर्दैव असे की खुद्द मँगनीजच्या रोग्याला त्याचा फायदा कमीच होतो.

कायद्याने मात्र हा आजार केव्हाच मान्य केला आहे. १९५२ च्या खाण कायद्याखाली मज्जासंस्थेवर परिणाम करणारी मँगनीज विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. कारखाना कायद्याच्या परिशिष्टातही तो होता. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या यादीतही मँगनीजमुळे होणारे रोग होते. खाणकामगाराची ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. ओल्या पद्धतीने छिद्रे पाडली तर धूळ दबते, हेही सर्वांना ठाऊक आहे. तरतुदी कागदावर चांगल्या आहेत.

अडचण पुढची आहे. कायम कामगाराची फाइल असते; कंत्राटी मजूर, दगड फोडणारा, ट्रकमध्ये माल भरणारा, फेरोमँगनीजच्या भट्टीवर चार वर्षे काम करून गावी परतलेला माणूस, यांची कुठे असते? त्याचा हात आखडू लागतो तेव्हा तो खाणीपासून दूर, आपल्या ओसरीवर बसलेला असतो. दवाखान्यात गेला तर कंपवाताची गोळी मिळते. पूर्वी काय काम करत होता, हे विचारले जाईलच असे नाही. तुमसर भागातील म्हाताऱ्या कामगारांशी बोलताना मला अनेकदा "हात भारी झाला", "बटन लागत नाही" असे शब्द ऐकू आले. त्यांना मँगनीजची विषबाधाच झाली आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. वयाने येणारा कंपवात आहे, मधुमेह आहे, मानेच्या मणक्यांचे दुखणे आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्यांच्या केसपेपरवर कामाचा इतिहास लिहिलेला असायला हवा होता. तो असता तर आज आपल्याला अंदाज बांधावा लागला नसता.

एका रात्रीत, एका तासात

वरची कारणे इतिहासात ठसठशीत दिसतात, कारण ती समूहाने आली. पण ओसरीवर बसून 'बाहेरचं झालं' असे ज्याला म्हटले गेले त्यात इतरही कितीतरी दुखणी असणार. आजच्या वैद्यकाच्या उजेडात त्यांची ओळख थोडक्यात करून घेऊ.

एका बाजूचा हात एकाएकी पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो बहुधा मेंदूचा झटका. गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. आयुर्वेदाने पक्षाघाताचे वर्णन फार पूर्वी केले; हाताच्या मागच्या बाजूने बोटांपर्यंत जाणाऱ्या दुखण्याला सुश्रुताने 'विश्वाची' हे नावही दिले. घड्याळाची शर्यत मात्र नव्या काळाची आहे.

दंडाखाली डोके दाबून गाढ झोपलेला, विशेषतः दारू पिऊन झोपलेला माणूस सकाळी उठतो तो मनगट लोंबतच. दंडाच्या हाडाला चिकटून जाणारी नस दबलेली असते. बहुतेकांचा हात काही आठवड्यांत आपोआप सुधारतो. या अवधीत अंगारा देणाऱ्या देवर्षीची कीर्ती वाढली असेल तर नवल नाही.

शाळकरी मुलगी अचानक बोटे नाचवू लागते, हातातली वाटी पडते, तोंड वेडेवाकडे होते. घरचे म्हणतात, अंगात आले. १६८६ मध्ये इंग्लंडच्या सिडनहॅम यांनी या आजाराचे वर्णन केले. घशाच्या जंतुसंसर्गानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो उद्भवतो आणि हृदयाच्या झडपांना इजा झाल्याची ती खूण असू शकते. मुलीला मांत्रिकाकडे नेले तर हालचाल काळाने थांबतेही, पण हृदय तसेच राहून जाते.

उलटी थांबवण्याचे औषध किंवा मानसिक आजारावरची काही औषधे घेतल्यावर काही तासांत मान, जबडा आणि बोटे पिळवटू शकतात. योग्य इंजेक्शनने ते लवकर सुटते. रक्तातील कॅल्शियम उतरले की बोटे एकत्र येऊन दाईच्या हातासारखी निमुळती होतात. मधुमेह्याची साखर फार चढली की एकाच बाजूचा हात आपोआप उडू लागतो. धानावर फवारायच्या काही औषधांच्या विषबाधेतून माणूस वाचतो, पण दोन-तीन आठवड्यांनी त्याचे पाय आणि मग हात दुबळे होतात. या शेवटच्या प्रकारात तर घरचे मधल्या फवारणीची आठवणही ठेवत नाहीत.

पाचवा रकाना

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. प्रत्येक वेळी कारण सापडले ते रोग्याच्या जातीत, वंशात किंवा कर्मात शोधून नव्हे. ते सापडले त्याच्या ताटात, त्याच्या कामात, त्याच्या घेतलेल्या औषधात, त्याच्या कोपरामागच्या एका नसेत. जनगणनेच्या प्रगणकाने विचारले, हा माणूस कोण आहे? गावानेही तेच विचारले. कूपर, स्लीमन आणि ब्रँड यांनी विचारले, याच्याबाबतीत घडले काय? पहिल्या प्रश्नाने माणूस रकान्यात गेला. दुसऱ्याने काहींचे हात परत आले.

यात आपल्याला करण्यासारखे बरेच आहे, आणि त्याला मोठा खर्च नाही. घरात कोणाचा हात बिघडला तर दवाखान्यात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : हे कधी आणि किती वेळात झाले, आजवर कोणकोणती कामे केली, अगदी वीस वर्षांपूर्वीचीही, गेल्या काही महिन्यांत काय खाल्ले, कोणती औषधे घेतली, कसली फवारणी केली, आणि अंगावर बधिर चट्टा आहे का. करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये पोस्टकार्ड धरून ते ओढून पाहावे. एका हातात ते सहज सुटत असेल तर नसेची तपासणी करून घ्यावी. कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत आशाताई दारात येते तेव्हा तिला पाठीवरचा चट्टा दाखवायला लाजू नये. गोळ्यांचा कोर्स संपलेल्या माणसानेही हात ठणकू लागला तर पुन्हा दवाखाना गाठावा.

आणि एक मागणी. भंडारा जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर 'व्यवसाय' या शब्दापुढे 'मजुरी' एवढेच लिहून थांबू नये. मजुरी कसली, कुठे आणि किती वर्षे, हे तिथे लिहिले जावे. बिडीची, रोवणीची, भट्टीची की खाणीची, यात फरक आहे. १८८१ च्या प्रगणकाकडे पाचवा रकाना नव्हता. आपल्याकडे कागदही आहे आणि विचारणारी माणसेही आहेत. तुमसर तालुक्यातील ज्या पिढीने काळा दगड हाताने वेचला, ती आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्या कामाची हकीकत अजून त्यांच्याच तोंडून लिहून घेता येईल. गावातल्या एखाद्या शिक्षकाने, महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने या दिवाळीच्या सुट्टीत दहा जणांची जरी अशी नोंद केली, तरी पुढच्या संशोधकाला माझ्यापेक्षा पक्क्या जमिनीवर उभे राहता येईल.